चाकू कोणत्या कंपनीचा? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आम्ही परतवाड्याची मित्रमंडळी पावसाळा सरला की गाविलगड, चिखलदरा आणि त्या अंगाच्या रानवाटा तुडवायला निघतो. आमच्यातला एक जण ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या लाकडी मुठीच्या चाकूशिवाय घराबाहेर पडत नाही, दुसऱ्याला स्वीडनच्या मोरापुढे काही दिसत नाही, आणि मी स्वतः वडिलांकडून मिळालेला व्हिक्टोरिनॉक्सचा लाल चाकू वापरतो. मुक्कामाला पोहोचलो की यावरून दर वेळी खडाजंगी होते. तिन्ही चाकूंनी कांदाच चिरायचा आणि दोरीच कापायची, तर माणूस एकाच कंपनीला असा धरून का बसतो? यात दर्जाचा भाग किती आणि हौसेचा किती?
— एक वाचक, परतवाडा, जि. अमरावती

उत्तर : लाल चाकू वडिलांकडून मिळाला, असे आपण ओघात लिहून गेला आहात, आणि उत्तराचा एक धागा तेथेच आहे. त्याकडे येऊच. परंतु त्याआधी चाकू विकत घेणाऱ्याची मूळ अडचण सांगायला हवी, कारण कंपनीच्या नावाचे माहात्म्य तिच्यातूनच वाढलेले आहे. बैल घेताना त्याचे दात पाहता येतात. चाकूचे पाते मात्र दुकानात कितीही उलटसुलट करून पाहिले तरी आतले पोलाद कसे तापवले आणि कसे निववले हे कळत नाही, आणि चाकूचा बरेवाईटपणा बहुतांशी त्यावरच ठरतो.

पुरेसा कार्बन असलेले साधे पोलाद आठशे अंश सेल्सिअसच्या आसपास लाल तापवून एकदम तेलात किंवा पाण्यात बुडवले की ते कठीण होते, परंतु त्याच क्षणी इतके ठिसूळही होते की खडकावर पडले तर त्याचा तुकडा उडावा. म्हणून ते पुन्हा दोनशे अंशांच्या आसपास तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवावा लागतो. पहिला ताव कमी पडला तर पाते मऊ राहते आणि धार एका दिवसात मरते. दुसरा चुकला तर धारेच्या बारीक कपच्या निघतात. गंज न धरणाऱ्या पोलादात क्रोमियम भरपूर असल्यामुळे पहिला ताव हजार अंशांच्याही वर न्यावा लागतो, आणि तेथे अंदाजपंचे काम चालत नाही. एकाच गिरणीचे पोलाद दोन कारखान्यांत गेले, तर एकातून उत्तम चाकू आणि दुसऱ्यातून टाकाऊ चाकू बाहेर पडू शकतो. गंमत अशी की आपल्या दोन्ही मित्रांचे चाकू न गंजणाऱ्या पात्यांचे असतील, तर त्यांचे पोलाद बहुधा एकाच, म्हणजे १२सी२७ या स्वीडिश जातीचे असेल, आणि त्यात सुमारे ०.६ टक्के कार्बन व साडेतेरा टक्के क्रोमियम असेल.

डोळ्यांना न दिसणाऱ्या या गुणाची हमी कोणीतरी द्यावी लागते, आणि पात्यावरचे चिन्ह नेमके तेच काम करते. फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स याने १५६५ मध्ये असा हुकूम काढला होता की प्रत्येक चाकू-कारागिराने आपल्या मालावर आपले चिन्ह उमटवावे, म्हणजे माल कोणाचा आहे हे गिऱ्हाइकाला कळेल. ओपिनेलच्या पात्यावर दिसणारा मुकुटधारी पंजा त्याच रिवाजाला धरून १९०९ मध्ये आला. जोसेफ ओपिनेल हा सव्हॉय या डोंगराळ मुलखातल्या, शेतीची धारदार अवजारे घडवणाऱ्या घराण्यातला मुलगा होता आणि त्याने आपला चाकू १८९० मध्ये केला. मोरा गावाजवळच्या कारखान्याची सुरुवात १८९१ मधली. तेथे लाकूड वाहण्याच्या घसरगाड्या बनत आणि त्यांच्या जोडीने चाकू घडवले जाऊ लागले. कार्ल एल्सनरने स्वित्झर्लंडमधल्या इबाख येथे कार्यशाळा घातली ती १८८४ मध्ये, आणि तिचीच पुढे व्हिक्टोरिनॉक्स झाली. तिन्ही नावे सात वर्षांच्या अंतरातली आणि तिन्ही खेड्यापाड्यांतली आहेत. जोवर गिऱ्हाईक त्याच पंचक्रोशीतले होते तोवर कारागिराचा चेहरा पुरे होता. माल दूरवर जाऊ लागला तेव्हा चेहऱ्याची जागा शिक्क्याने घेतली.

आपल्याकडे हा व्यवहार अजून शिक्क्यावाचून चालतो. गावात लोहार असताना माणसे आठवडी बाजाराच्या गावी जाऊन तिथल्याच एका लोहाराकडे विळा शेवटतात, म्हणजे तापवून-ठोकून त्याला पुन्हा धार करून घेतात, कारण ‘त्याच्या हातचे पाणी’, म्हणजे पोलाद तापवून बुडवण्याचे काम, ‘टिकते’ असा अनुभव असतो. आपले मित्र जे कंपनीबद्दल बोलतात, तेच हा शेतकरी लोहाराबद्दल बोलत असतो. फरक इतकाच की एकाचा लोहार समोर बसलेला आहे आणि दुसऱ्याचा समुद्रापलीकडे.

आता हाताच्या सवयीचा भाग, जो माझ्या मते सर्वांत कमी लक्षात घेतला जातो. मोराच्या पात्याला दोन्ही बाजूंनी एकेक रुंद उतार असतो आणि तो थेट धारेपर्यंत जातो. असे पाते सहाणेवर ठेवले आणि बोटाने किंचित दाबले की उतार दगडावर आपसूक सपाट बसतो, कोन शोधावा लागत नाही. ज्याने आयुष्यात कधी चाकू परजला नाही असा पोरगाही अर्ध्या तासात त्याला कागद कापण्याइतकी धार आणू शकतो, आणि ज्या चाकूवर माणूस प्रथम धार लावायला शिकतो तो चाकू त्याला सर्वांत चांगला वाटू लागतो. ओपिनेलचे पाते याहून पातळ, कणा दोन मिलिमीटरच्याही आतला. ते कांद्यातून आणि आंब्याच्या फोडीतून अलगद जाते, परंतु त्याच्या धारेचा कोन हाताने सांभाळावा लागतो. व्हिक्टोरिनॉक्स आपले पोलाद थोडे मऊ ठेवते, त्यामुळे धार लवकर जाते आणि तितक्याच लवकर परतही येते, अगदी कपबशीच्या बुडावर दोन हात मारले तरी. मोरावर हात बसलेल्या माणसाने ओपिनेल घेतला की तो सवयीने त्याचे पाते दगडावर पालथे टाकतो; त्याने पाते खरवडले जाते, धार येत नाही, आणि मग तो ओपिनेललाच नावे ठेवतो. आपल्या मंडळींच्या खडाजंगीतला मोठा हिस्सा असा सहाणेवरच्या सवयीतून आलेला असावा, अशी मला दाट शंका आहे.

सवयीत खोडी सांभाळणेही आले. ओपिनेलची मूठ बहुधा बीच नावाच्या लाकडाची असते. चिखलदऱ्याच्या पावसात दोन दिवस राहिले की ती फुगते आणि पाते खाचेत असे घट्ट बसते की नखाने उघडत नाही. जाणता माणूस तेव्हा चाकू उभा धरून मुठीचे मागचे टोक दगडावर हलकेच आपटतो. त्या ठोक्यासरशी पात्याचे टोक खाचेतून वर येते आणि मग ते चिमटीत धरून उघडता येते. सव्हॉयचे लोकही हेच करतात आणि तिकडे तो ठोका त्या मुलखाच्या नावाने ओळखला जातो. नवख्याला हा दोष वाटतो. ज्याला ठोका जमला आहे तो मात्र तो इतरांना कौतुकाने करून दाखवतो. एखाद्या वस्तूची खोड सांभाळायला शिकण्यात जे श्रम गेले, ते वाया जाऊ नयेत म्हणूनही माणूस त्या वस्तूला सोडत नाही.

आणि मग येतो आपल्या वडिलांचा चाकू. पहिला चाकू माणूस क्वचितच पारखून घेतो. तो कोणीतरी हातात ठेवतो. स्विस सैन्याला एल्सनरचे चाकू १८९१ पासून मिळू लागले. सैनिकाला डबा फोडता यावा आणि त्या काळची नवी बंदूक खोलता यावी, हा त्यामागचा हेतू होता. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात असलेल्या अमेरिकन सैनिकांनी ते विकत घेऊन घरी नेले आणि तेथून त्यांची कीर्ती पसरली. या साखळीत पोलाद तपासून चाकू निवडणारे फार थोडे. ज्या माणसावर विश्वास, त्याच्या खिशातल्या चाकूवर विश्वास, असेच ते चालत आले. कंपन्यांनाही हे ठाऊक असते, म्हणून त्यांच्या जाहिरातींत पोलादापेक्षा आजोबा अधिक दिसतात.

दर्जाचा भाग किती, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की एका विशिष्ट पातळीपर्यंत तो फार मोठा आहे आणि तिच्यापुढे जवळजवळ नाही. बाजारात नामांकित कंपन्यांची नावे कोरून जो नकली माल विकला जातो, त्याच्यात आणि खऱ्या चाकूत जमीनअस्मानाचे अंतर असते. परंतु आपण उल्लेखिलेले तिन्ही चाकू त्या पातळीच्या वरचे आहेत, आणि तेथे श्रेष्ठकनिष्ठ ठरवणे कामावर अवलंबून राहते. परदेशी मंडळी चाकूची चर्चा करतात ती बरीचशी शिकारीच्या आणि लाकूड फाडण्याच्या अंगाने असते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हौशी शिकार उरलेली नाही आणि राखीव जंगलात लाकूडतोड हा गुन्हा आहे. घरी सरपण फोडायचे तर कुऱ्हाड आहेच. तेव्हा जाड पाठीचा, कातडे सोलण्यासाठी आकडा काढलेला महागडा चाकू आपल्या कोणाच्याही कामाचा नाही, मग त्यावर नाव कोणतेही असो.

प्रश्न : माझ्या मुलाने ऑनलाइन मागवून बाहेरदेशी कंपनीचा चाकू घेतला. तेवढ्या पैशांत आमच्या बाजारातला लोहार कमानपाट्याचे, म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगच्या पट्टीचे, चार-पाच चाकू करून देईल. मुलगा म्हणतो, लोहाराच्या चाकूला भरवसा नाही. त्याचे म्हणणे खरे मानावे काय?
— एक शेतकरी, ता. तिरोडा, जि. गोंदिया

उत्तर : अर्धे खरे मानावे. ट्रकच्या कमानपाट्याचे पोलाद चाकूला मुळीच वाईट नसते. त्यात साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो आणि लवचिकपणासाठीच ते बनवलेले असल्यामुळे त्याचा चाकू सहसा मोडत नाही. धार टिकण्यात ते कंपनीच्या पात्याहून थोडे उणे पडेल, काटकपणात बहुधा सरस ठरेल. अडचण दोन ठिकाणी येते. वर्षानुवर्षे ओझे सोसलेल्या पाट्यात कधीकधी वरून न दिसणारी चीर असते आणि ती घडवतानाही मिटत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे एकसारखेपणा : सकाळी शांतपणे केलेल्या चाकूला दिलेले पाणी आणि बाजार उठायच्या घाईत दिलेले पाणी यांत फरक पडतो. कंपनीच्या नावाचे आपण जे जास्त पैसे मोजतो, त्यांतला मोठा वाटा या एकसारखेपणाचा असतो.

परंतु आपल्याजवळ एक सोय अशी आहे की जी आपल्या मुलाजवळ नाही, ती म्हणजे आपण काम समोर उभे राहून पाहू शकता. जाणता लोहार पाते लाल करून फक्त धारेकडची बाजू पाण्यात बुडवतो, पाठीत ऊब राहू देतो आणि लगेच दगडाच्या तुकड्याने धार घासून चकचकीत करतो. मग तो पात्याकडे टक लावून पाहत बसतो. पाठीतली ऊब हळूहळू धारेकडे सरकते आणि चकचकीत पोलादावर आधी गव्हाच्या काडासारखा फिकट पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. चाकूसाठी पिवळा धारेला पोहोचताच पाते पुन्हा पाण्यात गेले पाहिजे. निळ्यापर्यंत थांबला तर धार मऊ झाली. जो लोहार हे रंग पाहून थांबतो त्याच्याकडून डोळे मिटून चाकू घ्यावा. जो लाल पाते सरळ बादलीत फेकून पुढच्या कामाला लागतो, त्याच्याबद्दल आपल्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे.

घरी आणल्यावर तपासायचे असेल तर कानशीचे टोक धारेजवळ हलकेच फिरवून पाहावे. कानस घसरली तर पाते कठीण आहे, रुतली तर मऊ आहे. मुलाच्या चाकूलाही हीच कसोटी लावून पाहावी; नकली माल असेल तर तो तेथेच उघडा पडेल. लोहाराचा चाकू घेणारच असाल तर मूठ धावड्याच्या किंवा तिवसाच्या लाकडाची करून घ्यावी आणि आपल्या पंजाच्या मापाने घ्यावी. कोणतीही कंपनी एकेका गिऱ्हाइकाचा पंजा मोजत बसत नाही, आणि हाताला बरोबर बसलेल्या मुठीमुळे माणूस ज्या चाकूला धरून राहतो, तसा पात्यावरच्या नावामुळे राहत नाही.

प्रश्न : आमच्या शाळेचे निसर्गमंडळ ताडोब्याला जाणार आहे. आमच्यातल्या एका हौशी शिक्षकाला त्याचा आवडता चाकू कमरेला लावून यायचे आहे. त्यास हरकत आहे काय?
— एक शिक्षिका, ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर : हरकत आहे, आणि त्यांनी तो घरीच ठेवावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शस्त्राची जी व्याख्या दिली आहे तीत बंदूक, धनुष्यबाण, सापळे यांच्या बरोबरीने चाकूचाही स्पष्ट उल्लेख आहे, आणि कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी असल्याशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात प्रवेश करता येत नाही. राष्ट्रीय उद्यानालाही ते लागू आहे. तेथे पात्याची लांबी किंवा कंपनीचे नाव पाहिले जात नाही. मेळघाटात फिरणाऱ्या पहिल्या पत्रलेखकांनीही आपल्या वाटा अभयारण्याच्या हद्दीतून जातात की बाहेरून, हे वनखात्याच्या नाक्यावर विचारून मगच चाकू बरोबर घ्यावा.

जंगलाबाहेरचा नियम वेगळा आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील नियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा चाकू शस्त्रांच्या यादीत येतो. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. हौशी भटक्यांचे नेहमीचे चाकू या मापाच्या बरेच आत असतात. तरीही सणासुदीच्या किंवा तणावाच्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली चाकू बाळगून हिंडण्यास बंदी घालणारे आदेश निघतात, तेव्हा एसटीने जाताना तो कमरेला न लावता पिशवीच्या तळाशी, म्यानात गुंडाळून ठेवणे शहाणपणाचे.

प्रश्न : माझ्या बारा वर्षांच्या मुलीला शिबिरासाठी पहिला चाकू घेऊन द्यायचा आहे. कोणत्या कंपनीचा घ्यावा?
— एक वाचक, यवतमाळ

उत्तर : कंपनीपेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात : पाते मिटवायचे असेल तर उघडल्यावर ते पक्के अडकते का, आणि बोट पुढे सरकू नये म्हणून मुठीला अडसर आहे का. ओपिनेलच्या मुठीवरचे कडे फिरवले की पाते जागच्या जागी अडकते; ही सोय १९५५ मध्ये आली. मुलांसाठी त्यांचा गोल टोकाचा सातव्या क्रमांकाचा चाकू मिळतो. मोराचे पाते मिटत नाही, त्यामुळे बोटावर मिटण्याचा प्रश्नच नाही, आणि त्यांच्याकडेही बोटाला अडसर असलेले लहान चाकू आहेत. सैनिकी धाटणीचा अनेक पात्यांचा चाकू पहिला म्हणून देऊ नये. त्याच्या नेहमीच्या छोट्या पात्याला अडकण नसते आणि मुलांचे लक्ष कात्री-कोरणीतच अधिक गुंतते. आपण जो द्याल, तीच कंपनी तिला पुढे चांगली वाटत राहील, तेवढे मनात धरूनच निवड करावी.

प्रश्न : गंजणाऱ्या पोलादाचा चाकू खरे जाणकार वापरतात, असे ऐकून मी तसा घेतला. नवेगावबांधच्या पावसात तो आठवडाभरात काळा पडला. तो बदलून दुसऱ्या कंपनीचा घ्यावा काय?
— एक वाचक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : बदलण्याचे कारण नाही. साध्या कार्बन पोलादाला बारीक धार चटकन येते म्हणून काही जण ते पसंत करतात, आणि त्याची किंमत निगेच्या रूपाने मोजतात. लिंबू, कैरी, कांदा कापल्यावर त्यावर जो राखाडी-काळा थर चढतो तो गंज नव्हे. उलट तो असला तर तांबडा गंज थोडा उशिरा धरतो. तांबडे ठिपके दिसले तर मात्र राखेने किंवा बारीक काचकागदाने घासून काढावेत, पाते कोरडे करून त्यावर खोबरेल तेलाचा पुसट हात फिरवावा, आणि पावसाळ्यात चाकू चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नये, कारण चामडे ओल धरून ठेवते.

लाकडी मुठीला जवसाचे तेल उत्तम. ते आपल्या भागात सहज मिळते आणि मुठीत मुरून सुकले की लाकूड पाणी कमी पिते, त्यामुळे फुगतेही कमी. पातळ थर द्यावा, एक-दोन दिवस सुकू द्यावा, मग दुसरा द्यावा. पाते मिटणारे असेल तर हे तेल सांध्यात जाऊ देऊ नये, कारण ते सुकताना चिकट होते. सांध्याला शिलाई यंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो. तेल पुसलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकण्याची सवय असेल तर ती मोडावी : जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते आणि अशी चिंधी आपोआप पेट घेऊ शकते, म्हणून ती उघड्यावर पसरून पूर्ण वाळवावी किंवा पाण्यात भिजवून मगच फेकावी.